कलम अकरा-ब

सित्र्याच्या गोदामातला राऊटर अजून हिरवा लुकलुकतो.
गोदाम रिकामं होऊन चार महिने झाले.
थॉमसकुट्टी रॅक विकून कोट्टयमला गेला,
त्याची मांजरसुद्धा शेजारच्या टायरवाल्याकडे राहायला गेली,
आणि हा एकटा भिंतीवर, धुळीत,
कुणाशीच बोलत नाही
महिना अठरा दिनार सातशे फिल्स घेऊन.

अब्बाससाहेबांनी बिल माझ्या टेबलावर ठेवलं.
बोलले काही नाहीत. चष्मा काढून पुसला फक्त.

करार काढला.
बावीस पानं, निम्मी उजवीकडून डावीकडे,
आणि सगळी दादागिरी नेहमीप्रमाणे बारीक अक्षरात.
मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी
ग्राहकाने लेखी न कळवल्यास
करार त्याच अटींवर, तेवढ्याच मुदतीसाठी,
आपोआप पुढे चालू राहील.

आपोआप.
दूध उतू जातं तसं.
मला बघायला आले होते तेव्हा
मामांनी विचारलं, मग, पसंत?
मी ट्रेवरच्या मोराकडे बघत राहिले.
लाजली, म्हणाले सगळे, आणि साखर आणली.
लेखी तिथंही कुणी मागितलं नव्हतं.

फोन लावला. एक दाबा, चार दाबा, थांबा.
सतरा मिनिटं एकच धून, मधेच तुटणारी.
मग एक इंग्रजी आवाज :
मुदत वाढलीय मॅडम, सोळा जूनला. चोवीस महिने.
मधेच सोडलं तर उरलेलं सगळं भरा.
चोवीस गुणिले अठरा सातशे.
चारशे अठ्ठेचाळीस दिनार आठशे फिल्स.
माझ्या तोंडून निघून गेलं, अगं बाई!

पलीकडे शांतता.
मग अगदी हळू : ताई, कुठल्या?
मिरजेची.
मी गडहिंग्लजचा. इंगवले.

कॉल रेकॉर्ड होतो, म्हणून तो इंग्रजीतच बोलत राहिला,
खेद आहे, समजू शकतो, वगैरे,
आणि मधेमधे खोकल्यासारखं मराठी :
कलम चौदा बघा. जागा सोडली असेल तर.
ईमेल नको. शिक्क्याचं पत्र.
हातानं द्या. आणि पोच घेतल्याशिवाय
काउंटर सोडू नका.

पोच!
किती दिवसांनी ऐकला हा शब्द.
माझ्या आप्पांनी वीजबिलाच्या पोचा
पत्र्याच्या डब्यात एकोणीस वर्षं जपल्या.

ऑगस्टची दुपार, हवा ओल्या टॉवेलसारखी.
टॅक्सीतून उतरेपर्यंत पत्र तळव्याला चिकटलं,
शिक्क्याची शाई थोडी फुटली.
काउंटरवरच्या मुलीनं नखानं पान उलटलं,
घरमालकाचा दाखला दोनदा वाचला,
आत जाऊन आली.
दोन महिन्यांचं भाडं भरून सुटका.
मी म्हटलं, पोच.
तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारला.

संध्याकाळी सित्र्याला जाऊन मीच वायर उपटली.
हिरवं विझलं.
भिंतीवर तेवढाच एक स्वच्छ चौकोन राहिला.
टायरवाला म्हणाला, मांजर आता माझी. मी म्हटलं, घ्या.

ऑफिसच्या अजून तीन लाइनी आहेत.
त्यांची मुदत संपते दोन वर्षांनी, बारा मार्चला.
रात्री मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये
फेब्रुवारीतली नऊ तारीख शोधली,
म्हणजे एक दिवस हाताशी राहील.
लिहिलं : लेखी कळवायचं. शिक्का. पोच.
आणि मग बोट थांबलं.
दोन वर्षांनी नऊ फेब्रुवारीला
ही घंटी ऐकायला कोण असणार आहे इथं?

दर उन्हाळ्यात आईला सांगते, हे शेवटचं वर्ष.
ती हं म्हणते.
चारदा म्हणाली आहे.

कॅलेंडर विचारत होतं,
ही आठवण पुन्हा पुन्हा करायची का?
मी नाही दाबलं.
पण तारीख तशीच ठेवली.
इंगवल्यांचा नंबर घ्यायचा राहिला, ते तेव्हा लक्षात आलं.